‘५००० एमएएच’ छापलेला २४ ग्रॅमचा सेल: खिशातला टॉर्च घेताना झालेली फसवणूक

लाख लाख ल्युमेन (ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप) आणि दोन किलोमीटर झोत, असं ओरडणाऱ्या टॉर्चच्या जाहिराती आता बहुतेकांना ओळखू येतात. माझी फसवणूक झाली ती त्यांतल्या टॉर्चने नाही. या टॉर्चचे आकडे बेताने, विचार करून लिहिलेले होते, खरे वाटावेत इतपतच फुगवलेले. म्हणून हा प्रकार मला जास्त घातक वाटतो आणि म्हणून सगळं सविस्तर लिहितो आहे.

आमचं घर जुन्नर तालुक्यात. ऊस, कांदा, थोडे टोमॅटो. शेतीची थ्री-फेज लाइट पाळीपाळीने येते. रात्रीची पाळी असली की मोटर चालू करायला आणि मग दारं धरायला, म्हणजे सरीसरीत पाणी सोडायला, माझ्या वडिलांना, आण्णांना, विहिरीकडे जावंच लागतं. बिबट्याची धास्ती आमच्या भागात कायमची आहे, पण रोजचा धोका त्याहून जवळ, पायाखाली असतो. घोणस आणि मण्यार दोन्ही रात्री बाहेर पडतात, आणि घोणस तर पाचोळ्यात अशी पडून राहते की उजेड नसेल तर दिसतच नाही. आण्णांकडचा जुना टॉर्च मोठा आहे, लेड-ॲसिड बॅटरीचा, मागच्या दोन पिना बाहेर काढून थेट प्लगमध्ये खोचायचा. त्यात एक हात गुंतून पडतो आणि खोरं धरायला एकच हात उरतो. खिशात मावेल, क्लिपने सदऱ्याला अडकवता येईल, मोबाइलच्या चार्जरवर चार्ज होईल असा छोटा टॉर्च त्यांना हवा होता.

मी निवडलेल्या टॉर्चच्या पानावर लिहिलेलं होतं: २००० ल्युमेन, १८६५० सेल, ५००० एमएएच (सेलमध्ये किती वीज साठते त्याचं माप), आयपी६८ (धूळ-पाणी आत न जाण्याचा दर्जा), टाइप-सी चार्जिंग, पूर्ण उजेडावर १० तास. किंमत ८९९ रुपये. रिव्ह्यू भरपूर, तारे साडेचार.

पहिल्या संध्याकाळी अंगणात लावून पाहिला तेव्हा उजेड डोळ्यांत भरला. सगळ्या फसवणुकीची मेख इथेच आहे. माणसाचा डोळा उजेडाचं माप घेऊ शकत नाही. अंधारात तीनशे ल्युमेनचा झोतसुद्धा एका जागी एकवटला की प्रखर वाटतो, आणि पहिली पाच-दहा मिनिटं तर असले टॉर्च आपली सगळी ताकद ओतूनच जळतात. विकणाऱ्याला तेवढीच मिनिटं हवी असतात.

पुढच्या रात्रपाळीला आण्णा तो घेऊन गेले. मोटर चालू केली, वरच्या सरीपर्यंत गेले, आणि उजेड भराभर मंद होत विझला. घरी येऊन त्यांनी सांगितलं, “आरं, जाताना सूर्यावानी लागला न् येताना काडीचाबी उजेड नाही. बांधावर उभाच राहिलो मी. शेजारचा संपत मोटर बंद करायला आला, त्याच्या बॅटरीच्या उजेडात आलो.” टॉर्च दुपारभर चार्जिंगला होता, दिवा हिरवा झालेला होता. खिशात साधा मोबाइल होता, त्याच्या उजेडात बांधावरून चालणं त्यांना सुरक्षित वाटलं नाही. तो एवढा वेळ ते अंधारात उभे होते, हे ऐकल्यावर मला पैशांचं दुःख उरलं नाही. संताप आला तो या गोष्टीचा, की कुणीतरी जाणूनबुजून खोटा आकडा छापला आणि त्या आकड्यावर भरवसा ठेवून माझा बाप रात्री उसात गेला.

सेल बाहेर काढला. वेष्टण झकास, त्यावर १८६५०, ३.७ व्होल्ट, ५००० एमएएच. हातात हलका वाटला म्हणून किराणा दुकानाच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवला. २४ ग्रॅम.

इथे थोडं थांबून सांगतो, कारण सगळं यातच आहे. १८६५० हे नाव म्हणजे माप आहे: व्यास १८ मिलिमीटर, लांबी ६५ मिलिमीटर. एवढ्या डब्यात किती वीज मावते याला मर्यादा आहे. नामांकित कंपन्यांचे चांगले सेल ३४०० ते ३५०० एमएएचपर्यंत जातात, आणि त्यांचं वजन ४५ ते ५० ग्रॅमच्या दरम्यान असतं. पॅनासोनिकचा एनसीआर१८६५०बी हा या मापातला जुना, नावाजलेला सेल. त्याची क्षमता ३४०० च्या आसपास आणि वजन ४८ ग्रॅमच्या आगेमागे. ५००० एमएएच खरोखर मिळते ती २१७०० या मोठ्या मापात, म्हणजे २१ मिलिमीटर जाड आणि ७० मिलिमीटर लांब सेलमध्ये. त्यामुळे १८६५० वर ५००० छापलेलं असेल तर तिथेच खोटं पकडता येतं. ६८००, ९९०० छापलेले सेल त्याच जातीचे, फक्त जास्त निर्लज्ज. वजन तिशीच्या आत आलं तर आत पूर्ण सेल नसतोच. नळकांडं पूर्ण मापाचं, आत लहानसा सेल आणि बाकी भर, असा तो प्रकार. जुन्या लॅपटॉपच्या पॅकमधून काढून नवं वेष्टण चढवलेला थकलेला मालही बाजारात आहे, पण त्याचं वजन पूर्ण भरतं. कापून बघण्याच्या फंदात पडू नका. लिथियम सेल कापताना आत शॉर्ट झाला तर पेट घेतो. काटा पुरेसा आहे.

काट्याने शंका पक्की झाली, पण मला मोजून खात्री हवी होती. चार्जर आणि वायर यांच्या मध्ये लावायचा छोटा यूएसबी मीटर मिळतो, किती एमएएच आत गेले ते तो दाखवतो. पूर्ण रिकामा टॉर्च पूर्ण भरेपर्यंत आत गेले ८३० च्या आसपास. छापील आकड्याच्या सहाव्या भागाइतकेच. मीटर नसला तरी घड्याळ चालतं. असे टॉर्च अर्धा ते एक ॲम्पिअरने चार्ज होतात. एक ॲम्पिअरने ५००० एमएएच भरायला पाच तासांहून जास्त लागायला हवेत, अर्ध्या ॲम्पिअरने दहा. दोन तासांत हिरवा दिवा लागला तर आत काय आहे हे उघड आहे.

आता ‘पूर्ण उजेडावर १० तास’ बघू. चांगल्या टॉर्चमधला एलईडी एका वॉटमागे साधारण शंभर ल्युमेन देतो असं धरा. २००० ल्युमेनला २० वॉट. दहा तासांचे २०० वॉट-तास. उत्तम प्रतीचा १८६५० सेल तेरा वॉट-तासांच्याही आत साठवतो, लॅपटॉपची बॅटरी पन्नासच्या आसपास असते, आणि विमानात खास परवानगीशिवाय नेता येते ती बॅटरी १०० वॉट-तासांपर्यंतची. म्हणजे खिशातल्या बोटभर टॉर्चमध्ये चार लॅपटॉपची वीज आहे असा दावा त्या पानावर उघडपणे केलेला होता. माझ्या सेलमध्ये तीन वॉट-तासच होते. खरे २००० ल्युमेन दिले असते तर तो नऊ-दहा मिनिटांत संपला असता.

ते २००० ल्युमेनही खरे नव्हतेच. घरातल्या घरात हे तपासता येतं. ९ वॉटच्या एलईडी बल्बच्या खोक्यावर ल्युमेन छापलेले असतात, बहुधा ९०० च्या जवळपास. रात्री खोलीचं दार-खिडकी बंद करून आधी तो बल्ब लावा, मग बंद करून टॉर्चचा झोत सरळ छतावर मारा, आणि दोन्ही वेळा एका ठरलेल्या जागी मोबाइलच्या लाइट मीटर ॲपने मोजा. माप ढोबळ आहे, पण २००० ल्युमेनच्या टॉर्चने खोली बल्बपेक्षा निदान उठून उजळायला हवी. आमच्या टॉर्चने ती बल्बच्या निम्मीही उजळली नाही.

टॉर्चचं माप कसं घ्यावं याचं एक मानक २००९ पासून आहे, एएनएसआय एफएल१ नावाचं. त्यात ल्युमेन मोजतात ते टॉर्च लावल्यावर निदान ३० सेकंदांनी, बटण दाबल्या क्षणाचे नाही. चालण्याचा काळ मोजतात तो उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंत. झोताचं अंतर म्हणजे जिथे उजेड पाव लक्स (जागेवर पडणाऱ्या उजेडाचं एकक) उरतो ते ठिकाण, साधारण स्वच्छ पौर्णिमेच्या चांदण्याइतका. म्हणजे ‘२०० मीटर’ लिहिलेलं असलं तरी दोनशे मीटरवरचा साप दिसेल असा त्याचा अर्थ नाही. प्रामाणिक कंपन्या प्रत्येक मोडचे ल्युमेन आणि मिनिटं वेगवेगळी छापतात आणि टर्बो, म्हणजे सर्वांत प्रखर, मोड काही मिनिटांनी आपोआप उतरतो हेही सांगतात, कारण एवढ्याशा बॉडीत २० वॉटमधून निघणारी उष्णता जास्त वेळ सोसवत नाही. ‘२००० ल्युमेन, १० तास’ असा एकच आकडा जोडीने दिसला की तो टॉर्च सोडून द्यावा, असं माझं आता ठाम मत आहे.

बाकीचे दोषही एकेक करून सापडले. मागच्या टोपीत पाणी अडवणारी ओ-रिंगच नव्हती आणि वर आयपी६८. पावसाळ्यात काय झालं असतं? टाइप-सी भोक होतं, पण दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या नव्या वायरीने चार्जिंग व्हायचंच नाही, जुन्या चपट्या यूएसबीच्या वायरीनेच व्हायचं. आतले ५.१ किलो-ओहमचे दोन रेझिस्टर वाचवले की असं होतं. ते मिळतात काही पैशांत. एवढ्यावर जो हात आखडता घेतो, त्याने सेलच्या सुरक्षेच्या सर्किटवर खर्च केला असेल का?

झूम करणाऱ्या भिंगाबद्दलही सांगायला हवं, कारण हे भिंग बघूनच लोक असे टॉर्च घेतात. पुढे ओढलं की लांब भिंतीवर चौकोनी ठिपका पडतो आणि बघणारा प्रभावित होतो. तो चौकोन म्हणजे एलईडीचंच चित्र. त्याच्या आजूबाजूला काळोख. शेतात चालताना पायाच्या दोन्ही बाजूंची हातभर जमीन दिसायला हवी, आणि नेमकी तीच अशा झोतात दिसत नाही.

आता विक्रेत्याचं वागणं. परताव्याची मुदत सात दिवसांची. मी दुसऱ्याच दिवशी लिहिलं, उत्तर आलं: “सर, चोवीस तास चार्ज करून बघा.” केलं. मग: “तीन-चार वेळा फुल चार्ज-डिस्चार्ज करा, बॅटरी सेट होईल.” लिथियम सेलला असं काही ‘सेट’ व्हावं लागत नाही. तो सल्ला फक्त दिवस घालवण्यासाठी असतो. मग खोकं उघडतानाचा व्हिडिओ मागितला. मग मुदत संपली. खोक्यात एक कार्ड होतं: पाच तारे द्या, स्क्रीनशॉट पाठवा, १०० रुपये मिळवा. पानावरचे जुने रिव्ह्यू खाली खाली वाचत गेलो तर कित्येक रिव्ह्यू आणि फोटो मोबाइल स्टँडचे निघाले. जुन्या वस्तूचं पान तेच ठेवून त्यावर नवी वस्तू चढवलेली होती, म्हणून ते साडेचार तारे.

खोक्यावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता नव्हता, ग्राहक सेवेचा नंबर नव्हता. आवेष्टित वस्तूंच्या २०११ च्या नियमांनुसार हे छापणं बंधनकारक आहे. सेलवर मात्र बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक होता. रिचार्जेबल लिथियम सेलला आयएस १६०४६ या मानकाखाली ही नोंदणी लागते. ‘बीआयएस केअर’ हे सरकारी ॲप मोफत आहे, त्यात तो क्रमांक टाकला. नोंदणी निघाली भलत्याच कंपनीची, भलत्याच वस्तूसाठी. म्हणजे चिन्हही चोरलेलं.

मग मी विक्रेत्याशी बोलणं सोडलं आणि ज्या संकेतस्थळावरून घेतला त्याच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहिलं. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांनुसार त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि एका महिन्यात निकाल लावायचा असतो. तक्रारीत ‘टॉर्च चांगला चालत नाही’ असं लिहिलं नाही. काट्यावर ठेवलेल्या सेलचा फोटो, मीटरचा फोटो, पानावरच्या दाव्याचा स्क्रीनशॉट, ॲपमधला नोंदणीचा स्क्रीनशॉट, एवढं जोडलं. त्याबरोबरच राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला फोन करून तक्रार नोंदवली. सात दिवसांच्या मुदतीचं कारण पुढे करून आधी नकार आला. हेल्पलाइनचा तक्रार क्रमांक लिहून पुन्हा पाठवल्यावर पैसे पूर्ण परत आले. मुदत हा बदललेल्या मनासाठीचा नियम आहे. खोटी माहिती छापून विकलेल्या मालाला ती ढाल होऊ शकत नाही, हे त्यांना लेखी सांगावं लागलं.

आण्णांसाठी दुसरा टॉर्च मी दुकानात जाऊन घेतला, माझा छोटा काटा बरोबर नेऊन. दुकानदार आधी चिडला, मग सेल स्वतः काढून दिला: ४६ ग्रॅम. २६०० एमएएच, छापलेलं तेवढंच. सर्वांत वरचा मोड हजाराच्याही आत, पण मधला तीनशे ल्युमेनचा मोड चालायला पुरतो. झोत पसरट, सेल बदलता येणारा, सेल उतरला की बाजूचा लाल दिवा लागतो, आणि बटण लॉक होतं, त्यामुळे खिशात आपोआप लागून संपत नाही. किंमत आधीच्या दुपटीहून थोडी जास्त. आण्णा रात्रपाळीला तोच नेतात, आणि जुना मोठा टॉर्च मोटरच्या खोलीत चार्ज करून ठेवलेला असतो.

तो २४ ग्रॅमचा सेल टोकांना चिकटपट्टी लावून ई-कचऱ्याच्या संकलनात दिला. विक्रेत्याचं पान काही दिवस गायब झालं होतं. आता तेच फोटो, तोच टॉर्च दुसऱ्या नावाने आला आहे, आणि यावेळी आकडा ६००० एमएएच आहे. त्याचीही तक्रार १९१५ वर नोंदवली आहे.