नवा अल्बम आधी कुठे : स्ट्रीमिंगवर की थेट विक्रीला?

लेबलचे, म्हणजे संगीत कंपनीचे, पाठबळ नसलेल्या रॉक बँडचे मिक्सिंग-मास्टरिंग (ध्वनिमुद्रणावरचे शेवटचे ध्वनिसंस्कार) पूर्ण झाले आणि मुखपृष्ठ ठरले, की एका प्रश्नावर हमखास वाद होतो. अल्बम सरळ स्ट्रीमिंगवर चढवावा, की आधी आपण स्वतः विकावा? दोन-तीन वर्षे घाम गाळून केलेल्या कामाबद्दलचा हा निर्णय बहुतेक बँड शेवटच्या आठवड्यात घाईने घेतात आणि स्ट्रीमिंग निवडतात. ज्यांचा श्रोतृवर्ग अजून शेकड्यांतच मोजावा लागतो, अशा बँडने क्रम उलटा ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

स्ट्रीमिंग सोपे आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. वितरकाकडे गाणी सोपवली, की स्पॉटिफाय, ॲपल म्युझिक, यूट्यूब म्युझिक अशा सगळीकडे ती एकाच वेळी पोहोचतात. डिस्ट्रोकिड ही वितरक कंपनी वार्षिक वर्गणी घेऊन हवी तितकी गाणी चढवू देते, तर सीडी बेबी ही दुसरी वितरक कंपनी प्रत्येक प्रकाशनामागे एकदाच शुल्क आणि पुढील उत्पन्नातून ९ टक्के घेते. दर दोन महिन्यांनी गाणे काढणाऱ्यांना पहिली पद्धत सोयीची, तर तीन वर्षांतून एक अल्बम करणाऱ्यांना दुसरी. वर्गणीच्या पद्धतीत वर्गणी थांबली आणि गाणी कायम ठेवण्याचे वेगळे पैसे भरलेले नसले, तर ती स्ट्रीमिंगवरून काढली जाऊ शकतात. बँड विखुरल्यावर वर्गणी कोण भरणार, हे म्हणूनच आधी ठरवावे.

खरी अडचण पैशांची आहे. स्पॉटिफाय प्रत्येक ऐकण्यामागे ठरावीक दर देत नाही. जमलेल्या रकमेतला वाटा एकूण ऐकण्याच्या प्रमाणात वाटला जातो. शिवाय २०२४ पासून, मागील १२ महिन्यांत किमान १,००० वेळा ऐकल्या न गेलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाचे मानधन मिळत नाही. समजा, तुमचे ३०० निष्ठावंत श्रोते आहेत आणि प्रत्येकाने दहा गाण्यांचा पूर्ण अल्बम वर्षभरात तीनदा मन लावून ऐकला. प्रत्येक गाणे ९०० वेळा वाजले, आणि हाती आले शून्य. त्याच ३०० जणांपैकी केवळ १०० जणांनी अल्बमसाठी प्रत्येकी ३०० रुपये दिले असते, तर ३०,००० रुपये जमले असते. तेवढ्यात एखाद्या छोट्या बँडचा मास्टरिंगचा खर्च तरी सुटतो.

थेट विक्रीसाठी स्वतंत्र बँड २००८ पासून चालत असलेल्या बँडकॅम्प या संकेतस्थळाकडे पाहतात. डिजिटल विक्रीवर ते १५ टक्के घेते, विक्री ५,००० डॉलरच्या पुढे गेली की १० टक्के. टी-शर्ट, कॅसेट, सीडीवर १० टक्के. शिवाय पैसे हस्तांतरणाचा खर्च वेगळा. किमान किंमत बँडने ठरवायची आणि चाहत्याला वाटल्यास त्याहून जास्त द्यायची मुभा असते. गाणी एफएलएसीसारख्या दर्जेदार स्वरूपात उतरवून घेता येतात. ग्राहकाची संमती असेल तर त्याचा ईमेल बँडला मिळतो, आणि मला ही सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. पुढचा कार्यक्रम नाशिकला असेल, तर नाशिकच्या चाळीस श्रोत्यांना थेट कळवता येते. स्ट्रीमिंगवर तुमच्या श्रोत्यांचे आकडे दिसतात, माणसे दिसत नाहीत.

मात्र परदेशी बँडना दिला जाणारा हा सल्ला इथे जसाच्या तसा लागू पडत नाही. बँडकॅम्पवरील बँडचे पैसे पेपाल या ऑनलाइन पैसे पाठवण्याच्या सेवेमार्फत येतात, आणि पेपालने १ एप्रिल २०२१ पासून भारतातील देशांतर्गत व्यवहार बंद केले. परिणामी लंडनमधला चाहता पुण्याच्या बँडचा अल्बम सहज विकत घेतो, पण कोथरूडमधल्या चाहत्याचे पैसे अडकतात. कार्यक्रम संपला आहे, बँड केबली गुंडाळतो आहे, आणि एखादा विद्यार्थी मोबाइल हातात धरून ‘अल्बम कुठे मिळेल?’ असे विचारतो. त्या क्षणी संकेतस्थळाचा पत्ता सांगणे म्हणजे तो ग्राहक गमावणे होय. तिथे टेबलावर यूपीआयचा क्यूआर कोड असावा आणि पैसे येताच हाती द्यायला डाउनलोड कोड छापलेले कार्ड असावे. बँडकॅम्प असे कोड तयार करून देते. त्या कंपनीची मालकी २०२२ आणि २०२३ अशी लागोपाठ बदलली आणि दुसऱ्या वेळी जवळपास निम्म्या कर्मचाऱ्यांची नोकरी गेली, म्हणून ग्राहकांची यादी आणि मूळ ध्वनिफिती आपल्याकडेही जपून ठेवाव्यात.

अल्बम फुकट देण्याचा तिसरा मार्ग काहींना खुणावतो. दिल्लीच्या इंडियन ओशन बँडने २०१० पासून ‘१६/३३० खजूर रोड’ या अल्बमची सात गाणी दर महिन्याला एक याप्रमाणे विनामूल्य दिली, आणि ब्रिटनच्या रेडिओहेड बँडने ऑक्टोबर २००७ मध्ये अल्बमची किंमत श्रोत्यांवर सोपवली. पण दोघांचाही श्रोतृवर्ग आधीच मोठा होता. पहिल्या किंवा दुसऱ्या अल्बमला हा मार्ग मी सुचवणार नाही.

माझ्या मते क्रम असा असावा. प्रकाशनाच्या कार्यक्रमात आणि पुढील चार-सहा आठवडे अल्बम फक्त थेट विकावा. या काळात स्ट्रीमिंगवर एकच गाणे ठेवावे. नंतर पूर्ण अल्बम तिकडे द्यावा आणि त्यातले अजून स्ट्रीमिंगवर न आलेले एक गाणे स्पॉटिफायच्या संपादकांकडे ते तिथे येण्याच्या किमान सात दिवस आधी पाठवावे, म्हणजे अनुयायांच्या नव्या गाण्यांच्या यादीतही ते येते. त्याआधी गाणे कोणी लिहिले आणि चाल कोणाची, हे कागदावर टक्क्यांसह लिहून सर्वांनी सह्या कराव्यात व गीतकार-संगीतकारांनी त्यांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या आयपीआरएस या संस्थेचे सदस्यत्व घ्यावे. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने दिलेला रॉयल्टीचा हक्क त्यांचा आहे, आणि तो वसूल होण्यासाठी गाण्याची नोंद त्यांच्या नावावर असावी लागते.