प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर: वर्षभर वापरल्यानंतरचा अनुभव

बॅकअप सॉफ्टवेअर पारखताना मी आता सगळ्यात आधी एक गोष्ट बघतो: जॉब (ठरलेल्या वेळी चालणारं बॅकअपचं काम) फसला की लॉगमध्ये काय लिहिलेलं असतं. किंमत, फीचर, डॅशबोर्ड हे सगळं त्यानंतर. आधी आमच्याकडे जे महागडं सॉफ्टवेअर होतं, त्यात बिघाड झाला की 'अनपेक्षित त्रुटी' एवढंच यायचं आणि पुढचे दोन दिवस सपोर्टच्या ईमेलची वाट बघण्यात जायचे. प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर (पुढे पीबीएस म्हणतो) वापरायला लागून वर्ष उलटून गेलं. या काळात अडचणी भरपूर आल्या, पण बहुतेक वेळा लॉग वाचून मुळापर्यंत जाता आलं. मला ते आवडण्याचं खरं कारण हे आहे.

आमचा सेटअप थोडक्यात सांगतो. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत वाहनांचे सुटे भाग बनवणारी मध्यम आकाराची कंपनी. कारखाना तीन पाळ्यांत चालतो. प्रॉक्समॉक्सच्या होस्टवर (म्हणजे मूळ सर्व्हरवर) व्हर्च्युअल मशीन्स, म्हणजे आभासी संगणक आहेत: विंडोज सर्व्हरवर एसक्यूएल सर्व्हर (डेटाबेस) आणि ईआरपी (कारखान्याचा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर), डोमेन कंट्रोलर (लॉगिन सांभाळणारा सर्व्हर), टॅली, थोडी लिनक्स मशीन्स. शिवाय एक नॅस (नेटवर्कवर फाइल्स साठवणारं यंत्र), ज्यावर ड्रॉइंग्ज, कॅड फाइल्स आणि इन्स्पेक्शन रिपोर्ट आहेत. ग्राहकाच्या ऑडिटला जुन्या पार्टचा रिपोर्ट मागितला आणि तो सापडला नाही तर काय होतं, हे या धंद्यातल्या कुणाला सांगायला नको.

पीबीएस हे व्हिएन्नाच्या कंपनीचं सॉफ्टवेअर. १.० आवृत्ती नोव्हेंबर २०२० मध्ये आली. रस्टमध्ये लिहिलेलं आहे, एजीपीएल परवान्याखाली खुलं आहे आणि डेबियनवर चालतं. वापरायला पैसे लागत नाहीत. एंटरप्राइझ रेपॉझिटरी (तपासून दिलेले अपडेट) आणि सपोर्ट हवा असेल तर सबस्क्रिप्शन घ्यावं लागतं. कंपनीचा डेटा त्यावर ठेवणार असाल तर सबस्क्रिप्शन घ्याच, असं माझं मत आहे.

अडचणी समजून घ्यायच्या तर आतली रचना थोडी माहीत हवी. व्हर्च्युअल मशीनची डिस्क ४ एमआयबीच्या (साधारण ४ एमबी) तुकड्यांत तोडली जाते. प्रत्येक तुकड्याचा एसएचए-२५६ हॅश (मजकुरावरून निघणारा, बोटाच्या ठशासारखा आकडा) काढतात आणि तो तुकडा त्या हॅशच्या नावानेच साठवतात. तोच मजकूर पुन्हा आला तर तुकडा नव्याने लिहिला जात नाही. त्यामुळे दहा विंडोज मशीन्समधले सारखे भाग एकदाच जागा खातात. डेटास्टोअरमध्ये, म्हणजे पीबीएसच्या साठ्याच्या जागेत, हे तुकडे ६५,५३६ उपफोल्डरांत विखुरलेले असतात. हा आकडा लक्षात ठेवा, कारण पुढची निम्मी डोकेदुखी यातूनच येते.

सगळ्यात जास्त त्रास दिला तो रात्रपाळीने. नवीन व्यवस्था सुरू झाल्यावर मध्यरात्रीनंतर शॉपफ्लोअरवरून फोन यायला लागले. "साहेब, बारकोड मारला की स्क्रीन अडकते. नुसतं गोल फिरत राहतं." सकाळी बघावं तर सगळं व्यवस्थित. ईआरपीवाले म्हणाले नेटवर्क बघा, नेटवर्कवाले म्हणाले स्विच ठीक आहे. बॅकअपवर कुणाचा संशय नव्हता, कारण जॉब रोज हिरवा होता.

बॅकअपचा लॉग उघडला तर त्यात थोड्या थोड्या वेळाने एक ओळ पडते: किती टक्के झालं, वाचायचा वेग, लिहायचा वेग. सुपरवायझरने स्क्रीन अडकल्याच्या वेळा वहीत लिहून ठेवल्या होत्या. त्या वेळा आणि लॉगमधल्या ओळी शेजारी ठेवल्या, तर जिथे जिथे लिहायचा वेग एकेरी आकड्यावर आला होता तिथे तिथे स्कॅनर अडकलेला. कारण असं: बॅकअप चालू असताना मशीनने अजून न वाचलेल्या भागावर काही लिहायला घेतलं, तर क्यूइमू (व्हर्च्युअल मशीन चालवणारा प्रोग्राम) आधी तिथला जुना डेटा बॅकअपकडे पाठवतो आणि मगच नवीन लिहू देतो. बॅकअपचं ठिकाण मंद असेल तर ती मंदी थेट मशीनच्या डिस्कवर येते. आमचा डेटास्टोअर तेव्हा एनएफएसने (नेटवर्कवरून फोल्डर जोडण्याची पद्धत) जोडलेल्या नॅसवर होता. जुन्या व्हेंडरने तसाच मांडून दिलेला. आणि त्याच तासाला नॅसचं स्वतःचं रेड स्क्रब (सगळ्या डिस्क वाचून तपासणं) लागायचं.

यावर उपाय प्रॉक्समॉक्स व्हीईच्या (होस्टवर व्हर्च्युअल मशीन्स चालवणारं सॉफ्टवेअर) ८.२ आवृत्तीत, एप्रिल २०२४ मध्ये आला: फ्लीसिंग. बॅकअप जॉबच्या अ‍ॅडव्हान्स्ड टॅबमध्ये ते चालू करून एक लोकल स्टोरेज निवडायचं. मग जुना डेटा आधी त्या लोकल डिस्कवर बाजूला ठेवला जातो आणि तिथून सावकाश पीबीएसकडे जातो; मशीन अडकत नाही. फ्लीसिंगसाठी वेगवान आणि थिन प्रकारचं स्टोरेज द्या, म्हणजे लागेल तेवढीच जागा जाते. एक सूचना: जॉब चालू असताना होस्टच बंद पडला तर नावात 'फ्लीस' असलेली डिस्क इमेज मागे राहू शकते. लाइट गेल्यानंतर ती शोधून काढून टाकायची सवय ठेवा. फ्लीसिंग सुरू केल्यापासून रात्रपाळीचा या कारणासाठी फोन आलेला नाही.

लाइटवरून आणखी एक. रोजचा बॅकअप मिनिटांत होतो तो डर्टी बिटमॅपमुळे, म्हणजे कालपासून कुठले भाग बदलले याची नोंद क्यूइमू ठेवतो म्हणून. मशीन पूर्ण बंद होऊन चालू झालं की ही नोंद जाते. मग लॉगमध्ये 'क्रिएटेड न्यू' दिसतं आणि अख्खी डिस्क परत वाचली जाते. नेटवर्कवरून मात्र बदललेलेच तुकडे जातात. वीज गेल्याच्या दुसऱ्या दिवशी बॅकअपला तासन्‌तास लागले तर घाबरू नका. विंडोजच्या आतून रीस्टार्ट केलं तर सहसा नोंद टिकते.

नॅसवरचा डेटास्टोअर आम्ही शेवटी हलवला. आता स्वतंत्र मशीन आहे, झेडएफएस (फाइल सिस्टिम) मिररमध्ये, म्हणजे एकमेकींची प्रत ठेवणाऱ्या, मोठ्या हार्ड डिस्क आणि मेटाडेटासाठी (फाइल्सबद्दलच्या नोंदींसाठी) एसएसडीचं स्पेशल डिव्हाइस. तेही मिरर केलेलंच हवं, कारण ते गेलं तर पूर्ण पूल (सगळ्या डिस्कचा एकत्र साठा) जातो. हजारो फोल्डरांतल्या लाखो छोट्या फाइल्सना एकेकदा हात लावणं हे एनएफएसचं काम नव्हे, आणि गार्बेज कलेक्शन, म्हणजे नको झालेले तुकडे काढणं, नेमकं तेच करतं.

गार्बेज कलेक्शनबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण 'प्रून केलं तरी जागा मोकळी होत नाही' हा प्रश्न मला इतर कारखान्यांतले अ‍ॅडमिन नेहमी विचारतात. प्रून फक्त जुन्या स्नॅपशॉटची (एकेका वेळच्या बॅकअपची) यादी काढून टाकतं. तुकडे जातात ते गार्बेज कलेक्शनमध्ये. पहिल्या टप्प्यात सगळ्या स्नॅपशॉटना लागणाऱ्या प्रत्येक तुकड्याची अ‍ॅक्सेस वेळ ताजी केली जाते. दुसऱ्या टप्प्यात ज्यांची वेळ २४ तास ५ मिनिटांपेक्षा जुनी आहे ते तुकडे काढले जातात. लिनक्समध्ये रिलेटाइम चालू असेल तर अ‍ॅक्सेसची वेळ साधारणपणे दिवसातून एकदाच बदलते, म्हणून ही सवलत. त्यामुळे आज प्रून केलेल्याची जागा आज मिळत नाही. लॉगच्या शेवटी 'पेंडिंग रिमूव्हल्स' असा आकडा येतो. तो पुढच्या फेऱ्यांत मोकळा होतो. डिस्क ९८ टक्के भरल्यावर हे कळलं तर हातात काही उरत नाही. ८० टक्क्यांवर अलर्ट लावा.

अ‍ॅक्सेस वेळेचं हे प्रकरण किती गंभीर आहे ते दुसऱ्या प्रतीच्या वेळी कळलं. एका जुन्या नॅसवर दुसरा डेटास्टोअर करायचा होता. तयार करतानाच पीबीएसने नकार दिला: अ‍ॅक्सेस टाइम सेफ्टी चेक फेल. ही तपासणी ३.४ आवृत्तीत आली. तो नॅस एनएफएसवरून आलेला वेळेचा बदल नीट नोंदवतच नव्हता. म्हणजे वापरात असलेले तुकडेही जुने दिसले असते आणि गार्बेज कलेक्शनने जिवंत बॅकअप पोखरला असता, तेही जॉब हिरवा दाखवत. ही तपासणी सेटिंगमधून बंद करता येते. कृपा करून बंद करू नका.

आता एसक्यूएल सर्व्हर. पूर्ण मशीनचा बॅकअप आहेच, पण डेटाबेसचे वेगळे फुल (पूर्ण), डिफरन्शियल (शेवटच्या फुलनंतर बदललेलं तेवढंच) आणि लॉग (व्यवहारांच्या नोंदींचे) बॅकअपही आम्ही घेतो. दर तिमाहीला टेस्ट सर्व्हरवर रिस्टोअर करून बघण्याचा नियम आहे. अशाच एका चाचणीत डिफरन्शियल चढेना. एरर ३१३६: डेटाबेस योग्य त्या आधीच्या अवस्थेत रिस्टोअर केलेला नाही. फाइल बरोबर, तारीख बरोबर, तरी नाही. एमएसडीबीमधला (एसक्यूएल सर्व्हरच्या स्वतःच्या नोंदींचा डेटाबेस) बॅकअपसेट टेबल काढून बघितला, तर आमच्या फुल बॅकअपनंतर रात्री आणखी एक फुल नोंदलेला होता आणि त्याच्या 'इज स्नॅपशॉट' रकान्यात १. तो कुणी घेतला? मशीनचा बॅकअप सुरू होताना गेस्ट एजंट (मशीनच्या आत चालणारा छोटा प्रोग्राम) विंडोजच्या व्हीएसएसला (चालू डिस्कचा स्नॅपशॉट घेणारी सेवा) फाइल सिस्टिम गोठवायला सांगतो. ती मागणी 'फुल' प्रकारची असेल तर एसक्यूएल सर्व्हर तिला पूर्ण बॅकअप समजतो आणि पुढच्या डिफरन्शियलचा पाया तोच धरतो.

दोन वाटा आहेत. एक, त्या मशीनच्या गेस्ट एजंटच्या सेटिंगमध्ये बॅकअपच्या वेळी फाइल सिस्टिम गोठवणं बंद करायचं. पण मग मशीनचा बॅकअप म्हणजे अचानक प्लग काढल्यावर डिस्क असते तसा. दुसरी वाट आम्ही घेतली: डिफरन्शियल सोडून द्यायचे आणि फुल अधिक लॉग बॅकअप ठेवायचे. मध्ये दुसरा फुल आला तरी लॉगची साखळी तुटत नाही. रिस्टोअरला लॉगच्या जास्त फाइल्स चढवाव्या लागतात, पण खात्री आहे. तुमच्याकडे हाच प्रकार असेल तर आजच तो रकाना तपासा. बॅकअपच्या एकाही लॉगमध्ये हा दोष दिसणार नाही.

व्हीएसएसची दुसरी गंमत वाटावी अशी, पण रात्र घालवणारी गोष्ट. 'व्हीएसएसअ‍ॅडमिन लिस्ट रायटर्स' ही कमांड चालवल्यावर यादीत एसक्यूएल रायटर (व्हीएसएसशी बोलणारा एसक्यूएल सर्व्हरचा भाग) दिसतच नसेल आणि सर्व्हिस मात्र चालू असेल, तर एखाद्या डेटाबेसच्या नावाच्या शेवटी रिकामी जागा आहे का ते बघा. एका सप्लायरकडे नेमकं हेच निघालं. नाव बदललं, रायटर हजर.

नॅसवरच्या फाइल्ससाठी आम्ही लिनक्स मशीनवर शेअर माउंट करून (नेटवर्कवरचा फोल्डर जोडून) पीबीएसचा क्लायंट चालवतो. यात तीन ठिकाणी लक्ष हवं. क्लायंट दुसऱ्या माउंट पॉइंटच्या आत आपोआप जात नाही. वरच्या फोल्डरवर जॉब लावला तर आतला शेअर रिकामा फोल्डर म्हणून जातो. त्यासाठी 'इन्क्लूड-डेव्ह' पर्यायात तो नावाने द्यावा लागतो. एनएफएसवर रूट स्क्वॉश (रूट वापरकर्त्याचे खास अधिकार काढून घेणारी सेटिंग) असेल तर काही फाइल्स वाचता येत नाहीत. आणि सांबा शेअर (विंडोज पद्धतीचा नेटवर्क फोल्डर) माउंट करून घेतलेल्या बॅकअपमध्ये विंडोजच्या परवानग्या येत नाहीत. फाइल परत येते, पण ती कोण उघडू शकतं हे नव्याने लावावं लागतं. आम्ही परवानग्यांची वेगळी निर्यात करून ठेवतो. बदल ओळखण्यासाठी मेटाडेटा पद्धत निवडली तर न बदललेल्या फाइल्स पुन्हा वाचल्या जात नाहीत. आमच्या ड्रॉइंगच्या फोल्डरला त्याने फार मोठा फरक पडला.

व्हेरिफाय जॉबशिवाय, म्हणजे साठवलेले तुकडे परत वाचून तपासल्याशिवाय, पीबीएस वापरू नये. नॅसच्या काळात एकदा व्हेरिफायने एक तुकडा खराब असल्याचं सांगितलं. तो तुकडा बाजूला काढून त्याच्या नावाला 'बॅड' जोडलं गेलं. मशीनच्या डिस्कवर तो मजकूर अजून तसाच होता, त्यामुळे पुढच्या बॅकअपमध्ये तोच तुकडा त्याच नावाने पुन्हा आला, आणि परत व्हेरिफाय केल्यावर जुने स्नॅपशॉटही बरोबर निघाले. नॅसच्या एका डिस्कचे स्मार्ट आकडे (डिस्कच्या तब्येतीच्या नोंदी) तेव्हा बिघडत चालले होते. डिस्क मरण्याआधी हे कळलं ते फक्त व्हेरिफायमुळे.

रॅन्समवेअरच्या दृष्टीने भूमिका नीट वाटून द्या. होस्टला फक्त 'डेटास्टोअर बॅकअप' ही भूमिका दिली की तो बॅकअप घेऊ शकतो, आपलाच बॅकअप परत आणू शकतो, पण काढून टाकू शकत नाही. दुसऱ्या जागेवरचा पीबीएस आमच्याकडून डेटा स्वतः ओढतो. इथून तिथे लॉगिन करण्याची सोयच ठेवलेली नाही. एन्क्रिप्शन चालू केलंत तर किल्ली कागदावर छापून तिजोरीत ठेवा, कमांड दिलेली आहे. किल्ली गेली की बॅकअप गेला. ती कंपनीकडूनही परत मिळत नाही.

कमतरता आहे ती एकच, पण मोठी. विंडोजच्या प्रत्यक्ष मशीनसाठी अधिकृत क्लायंट नाही. आमच्या क्वालिटी रूममध्ये मोजमापाच्या यंत्राला जोडलेला जुना विंडोज पीसी आहे. यंत्र बनवणाऱ्याच्या अटीमुळे तो व्हर्च्युअल करता येत नाही. त्याची डिस्क इमेज वेगळ्या सॉफ्टवेअरने नॅसवर घेतो आणि तो फोल्डर वरच्याच क्लायंटने पीबीएसमध्ये जातो. दोन साखळ्या, दोन लॉग, आणि सोमवारी सकाळी दोन्ही वाचावे लागतात. व्हिएन्नाहून हा क्लायंट आला तर आमच्यासारख्या कारखान्यांची सगळ्यात मोठी गरज भागेल.