कोमिझाचं घर, १३३९ युरो ५० सेंट आणि स्क्रीनवर आलेला तो इशारा

३४६ युरो ५० सेंट इसार. त्यानंतर ६९३ युरो. त्यानंतर ३०० युरो अनामत. एकूण १३३९ युरो ५० सेंट गेले. क्रोएशियातल्या कोमिझा गावात सुट्टीसाठी घर भाड्याने घ्यायला गेलो आणि खोट्या जाहिरातीला फसलो. लिहिताना लाज वाटते आहे, पण लिहायलाच हवं. जर्मनीतली आपली कितीतरी मराठी कुटुंबं आई-बाबा आले की उन्हाळ्यात क्रोएशिया ठरवतात. १ जानेवारी २०२३ पासून तो देश शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) आणि युरोतही आला, त्यामुळे आई-बाबांच्या जर्मन व्हिसावर तिथे सरळ जाता येतं. म्हणजे हीच जाहिरात उद्या तुमच्यासमोर येणार.

जाहिरात, मग व्हॉट्सअॅप, मग "साइटबाहेर भरा, कमिशन वाचेल", मग सामसूम. हा प्रकार सगळ्यांना पाठ आहे. आम्हालाही होता. तरी फसलो, कारण नेहमीच्या खुणा इथे नव्हत्या. दर फुकटात म्हणावा असा नव्हता: सहा माणसांना रात्रीचे १६५ युरो, सात रात्रींचे ११५५. त्याच आठवड्यात तशीच घरं १९० ते २१० ला दिसत होती. ३० टक्के इसार मागितला, तो तिथली खरी कुटुंबंही मागतात. घाई केली नाही. चार दिवस उत्तरं येत राहिली, तीही घरगुती भाषेत. करारनाम्याची पीडीएफ आली, त्यावर शिक्का होता.

विकलं काय, तर कोळ्याचं घर. व्हिस बेटावरचं कोमिझा हे ॲड्रियाटिक समुद्रातलं जुनं मच्छीमार गाव. १९८९ पर्यंत हे बेट लष्करी तळ म्हणून परदेशी लोकांना बंद होतं, त्यामुळे मोठी हॉटेलं फारशी झाली नाहीत आणि घरगुती राहणीच जास्त. हे सगळं खरं आहे, आणि फसवणारा या खऱ्यावरच उभा राहतो. दगडी घर, निळ्या झडपा, अंगणात जाळं तुणत बसलेले आजोबा, सकाळी तारली भाजून देणाऱ्या आजी. हे वाचून मालवण-वेंगुर्ल्याचा माणूस विरघळणारच.

आता जिथे थांबायला हवं होतं, ते सांगतो.

जाहिरातीत लिहिलं होतं: बाल्कनीतून समुद्रावरचा सूर्योदय. कोमिझा बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर आहे. पाठीशी ५८७ मीटरचा हुम डोंगर. सूर्य डोंगराआडून वर येतो आणि समुद्रात मावळतो. त्या गावातल्या कुठल्याही बाल्कनीतून समुद्रावरचा सूर्योदय दिसू शकत नाही. नकाशा उघडायला अर्धं मिनिट लागलं असतं.

पुढची ओळ: फेरीच्या धक्क्यापासून दहा मिनिटं चालत. मुख्य भूमीवरच्या स्प्लिट शहराहून निघालेली फेरी सव्वादोन-अडीच तासांनी व्हिस गावाला लागते, बेटाच्या दुसऱ्या टोकाला. तिथून कोमिझा रस्त्याने सुमारे दहा किलोमीटर, मध्ये घाट.

आणि ज्या ओळीचा आजही संताप येतो ती: "पौर्णिमेच्या रात्री आजोबांबरोबर दिवे लावून तारलीची मासेमारी." दिव्यावर तारली गोळा होते ती काळोखात. तिथले मच्छीमार या दिवसांना 'म्राक' म्हणजे अंधारच म्हणतात. पुनवेच्या आसपास चांदणं सगळीकडे सारखं पसरलेलं असतं, दिव्याकडे मासा येत नाही, म्हणून बोटी धक्क्यालाच राहतात. हे आपल्याला कुणी नव्याने सांगायची गरज आहे का? एलईडीच्या मासेमारीवरून मालवणात एवढं रान पेटलं, दिव्याची मासेमारी म्हणजे काय हे आपल्या किनाऱ्यावर पोरासोरांना ठाऊक आहे. आम्ही ते वाचलं आणि त्यासाठी तारखा बदलून घेतल्या.

आजोबांची रोजची होडी म्हणून फोटो होता तो फालकुशाचा. ही कोमिझाची जुनी शिडाची होडी, साधारण नऊ मीटर लांबीची, बाजूच्या फळ्या काढता-घालता येणारी. जुन्यातली शेवटची १९८६ मध्ये नष्ट झाली. आज ज्या आहेत त्या नंतर बांधलेल्या प्रतिकृती, त्याही मोजक्याच. रोज तारलीला कुणी त्या नेत नाही.

पैशांचं म्हणाल तर तीन वेळा थांबायची संधी होती, तिन्ही घालवल्या. आयबॅन, म्हणजे खात्याचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, एलटीने सुरू होत होता, तो लिथुआनियाचा. क्रोएशियाचा एचआरने सुरू होतो आणि एकूण २१ अक्षरांचा असतो. युरोपात दुसऱ्या देशातलं खातं ठेवणं गुन्हा नाही, हे खरं. पण बेटावरच्या सत्तरीतल्या मच्छीमाराचं खातं लिथुआनियात का, हे विचारायला हवं होतं. विचारलंही, तर उत्तर आलं: सुनेचं खातं, ऑनलाइन बँकेतलं. पटलं.

मग तो इशारा. ९ ऑक्टोबर २०२५ पासून युरो वापरणाऱ्या देशांतल्या बँकांना पैसे निघण्याआधी नाव आणि आयबॅन जुळतात का हे दाखवणं बंधनकारक आहे. स्क्रीनवर स्पष्ट आलं: नाव जुळत नाही. जाहिरातवाल्याने आदल्याच संध्याकाळी लिहून ठेवलं होतं, "सुनेचं माहेरचं नाव खात्यावर आहे, बँक तसं दाखवेल, काळजी करू नका." इशाऱ्याचं उत्तर इशाऱ्याच्या आधीच हातात होतं. 'पुढे चला' दाबलं. समोरचा माणूस इशाऱ्याची आधीच समजूत घालून ठेवत असेल, तर तिथेच सगळं बंद करा. ही एक गोष्ट लक्षात ठेवली असती तर एक सेंटही गेला नसता.

६९३ कसे गेले? "पूर्ण रक्कम आताच भरलीत तर १० टक्के सूट." ११५५ वर ११५.५० कमी, म्हणजे १०३९.५०, त्यातून इसार वजा. हिशेब सेंटपर्यंत बरोबर होता, म्हणून माणूसही बरोबर वाटला. पुढच्या आठवड्यात घराच्या नुकसानीपोटी ३०० अनामत, "परत मिळणारी". चौथ्यांदा होडीचे १८० मागितले तेव्हा कुठे शंका आली. फोनवर घर दाखवा म्हटलं. त्यानंतर एकही उत्तर नाही.

यंत्रणांबद्दल लिहायला बसलो की हात थरथरतो. रक्कम तत्काळ हस्तांतरणाने गेली होती, म्हणजे दहा सेकंदांत पोचलेली. आमच्या बँकेने परतीची विनंती पाठवली. समोरच्या बँकेला उत्तर द्यायला कामकाजाचे १५ दिवस मिळतात. उत्तर आलं, खात्यात शिल्लक नाही. मग आमच्या बँकेचं पत्र: इशारा दाखवला होता, तुम्ही मान्य केलं, जबाबदारी तुमची. ग्राहकाच्या रक्षणासाठी म्हणून आणलेला नियम पहिल्यांदा वापरला गेला तो ग्राहकाविरुद्ध! जाहिरातीच्या साइटने सांगितलं, व्यवहार आमच्याबाहेर झाला, आमचा संबंध नाही. बरं, नाही तर नाही. पण तक्रार केल्यावरही ती जाहिरात अकरा दिवस तिथेच होती. अकरा दिवस! त्या काळात आणखी किती जणांनी इसार भरला असेल?

पोलिसांकडे ऑनलाइन तक्रार केली, क्रमांक मिळाला. क्रोएशियातल्या पोलिसांना लिहिलं, तर राहत्या देशात तक्रार करा. ग्राहकांना मदत करणाऱ्या कार्यालयाने कळवलं, आम्ही खऱ्या व्यावसायिकांशी झालेले वाद बघतो, हा गुन्हा आहे, पोलिसांकडे जा. पोलिसांकडून साडेतीन महिन्यांनी एका पानाचं पत्र: आरोपी निष्पन्न होत नाही, प्रकरण बंद. ज्या खात्यात पैसे गेले ते खातं कुणीतरी ओळखपत्र दाखवूनच उघडलं असणार ना? त्याची चौकशी झाली की नाही, याबद्दल त्या पत्रात एक शब्द नाही. प्रत्येक जण पुढच्या दाराकडे बोट दाखवतो, आणि शेवटचं दार पहिल्याकडे.

घर बघताना हे विचारा. क्रोएशियात घरगुती राहणी चालवणाऱ्याकडे सरकारी परवान्याचा आदेश असतो, त्याला 'र्येशेन्ये' म्हणतात. त्याची प्रत मागा. मालकाचा ओआयबी, म्हणजे तिथला वैयक्तिक ओळख क्रमांक, मागा. तो ११ अंकी असतो, शेवटचा पडताळणीचा अंक. आमच्या करारनाम्यावर दहाच अंक होते, मोजले नंतर. मग ते नाव आणि पत्ता त्या गावच्या पर्यटन मंडळाला, म्हणजे 'तुरिस्तिच्का झायेद्नित्सा'ला, ईमेल करून विचारा असं घर नोंदलेलं आहे का. पाहुणा आल्यावर २४ तासांत ईव्हिजिटर या सरकारी प्रणालीत त्याची नोंद करणं मालकाला बंधनकारक आहे. खरा मालक याबद्दल विचारलं तर गोंधळत नाही.

इसार कार्डानेच भरा. कार्डाचा व्यवहार निदान वादात टाकता येतो, बँक हस्तांतरण नाही. उरलेली रक्कम पोचल्यावर द्या, बहुतेक कुटुंबांना ते चालतं. व्हिडिओ कॉल करा, आणि घराच्या दारापासून धक्क्यापर्यंत न थांबता चालत दाखवायला सांगा. जाहिरातीतले फोटो इंटरनेटवर आणखी कुठे आहेत ते फोटोवरूनच शोधून बघा. आमचे तीन फोटो दुसऱ्याच बेटावरच्या घराचे निघाले. भारतातून पैसे पाठवले असतील तर त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

आणि फसल्याचं कुठे लिहिलंत की "पैसे परत मिळवून देतो" म्हणणारे येतात. आम्हाला दोघांनी गाठलं, एकाने आगाऊ १५० युरो मागितले. ती त्याच धंद्याची पुढची पायरी आहे, नंबर ताबडतोब ब्लॉक करा.

निळ्या झडपा, अंगणात जाळं तुणणारे आजोबा, डावीकडे दगडी जिना आणि त्याच्या तिसऱ्या पायरीवर लाल कुंडी. गेल्या आठवड्यात तोच फोटो पुन्हा दिसला, आता लास्तोवो बेटाच्या नावाने, रात्रीचे १५५ युरो.