गोळी की सलाईन: चाळिशीनंतरचा एमएस

एमएस म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस, आपल्याच प्रतिकारपेशी मेंदू आणि मज्जारज्जूतल्या चेतातंतूंच्या आवरणावर हल्ला करतात तो आजार. त्यावर माझं दोन्ही घेऊन झालंय: सव्वा वर्ष डायमिथाइल फ्युमरेटच्या गोळ्या, आणि आता दर सहा महिन्यांनी रिटुक्सिमॅबचं सलाईन.

एका बाबतीत दोन्ही औषधं नापास. काही पेशी विभागायच्या थांबतात पण मरत नाहीत, आणि आजूबाजूला दाह वाढवणारी रसायनं सोडत बसतात. प्राथमिक प्रगतिशील (सुरुवातीपासून हळूहळू वाढत जाणाऱ्या) एमएसच्या रुग्णांच्या पेशींपासून घडवलेल्या मेंदूच्या पूर्वजपेशींत (ज्यांपासून मेंदूच्या इतर पेशी तयार होतात) असं अकाली वार्धक्य २०१९ मध्ये दिसलं. त्यांच्या स्रावाने मायलिन, म्हणजे चेतातंतूंचं आवरण, बनवणाऱ्या पेशी नीट पक्व होईनात. गोळी काय, सलाईन काय, मुख्य जोर रक्तातल्या प्रतिकारपेशींवर. मेंदूत ठाण मांडलेल्या म्हाताऱ्या पेशींना फारसा धक्का नाही. वय वाढेल तशी ही औषधं कमी पडतात, त्यामुळे मेंदूची आहे ती शिल्लक आत्ताच राखावी, असं मला वाटलं.

गोळी सोपी, घरी घ्यायची. पण सकाळी पोह्यांवर घेतली की अर्ध्या तासात, नेमकी हिंजवडीची बस चांदणी चौकात आली की, कानापासून छातीपर्यंत लालबुंद. शेजारचा सरकून बसायचा. ऑफिसात कुणीतरी विचारायचंच, "बीपी बघितलंस का?" आजार लपवायचा नव्हता, पण रोज पावणेनऊला जाहीरही करायचा नव्हता. पोह्यांत शेंगदाणे वाढवले, थोडा फरक पडला. पुष्कळांचं हे महिन्याभरात ओसरतं, माझं नाही. (संकष्टीला चंद्रोदयापर्यंत थांबणाऱ्यांनी आधीच विचार करावा, रिकाम्या पोटी जास्तच होतं.)

सलाईनचे त्रास निराळे. आधी स्टिरॉइड, त्यामुळे ती रात्र जागरणाची. बी-काविळीची तपासणी आणि लसी सुरुवातीलाच उरकाव्या लागतात. संसर्गाची धास्ती खरी. गणपतीत लक्ष्मी रोडला मी जात नाही. पण स्वीडनमधल्या २०२२ च्या चाचणीत नव्या रुग्णांवर हीच दोन औषधं समोरासमोर होती: दोन वर्षांत सलाईनवाल्या ९८ पैकी ३ जणांना रिलॅप्स (आजाराचा नवा झटका), गोळीवाल्या ९७ पैकी १६ जणांना. माझ्या डॉक्टरांनी हे आकडे दाखवले. मी खरं तर बसमुळेच तयार झालो होतो. तुमचे रिपोर्ट वेगळं सांगत असतील तर त्यांचंच ऐका.

काका क्वेर्सेटिनच्या कॅप्सूलची लिंक पाठवतात. म्हाताऱ्या पेशी मारणारी डासाटिनिब-क्वेर्सेटिनची जोडी २०१५ मध्ये प्रयोगशाळेतून पुढे आली खरी, पण डासाटिनिब हे रक्ताच्या कॅन्सरचं औषध. नुसत्या कॅप्सूलवर मी पैसे घालत नाही.

पुढचं सलाईन जानेवारीत. हल्ली चांदणी चौक येतो तेव्हा मी खिडकीशी झोपलेला असतो.