इंग्लंडमधील पूर्वजांचा शोध : ‘फाइंड ॲन आर्काइव्ह’ या सेवेचे परीक्षण

इंग्लंडमधल्या एखाद्या घराण्याचा कुळवृत्तांत लिहायला घेतला, की हवे ते कागद कुठल्या गावी आणि कुठल्या संस्थेच्या ताब्यात आहेत, हे सर्वांत आधी शोधावे लागते, कारण त्या देशाचे दप्तर एका ठिकाणी कधीच नव्हते. जनगणनेचे, लष्कराचे आणि मध्यवर्ती सरकारचे कागद लंडनमधील क्यू येथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. पण सरकारी जन्म-विवाह-मृत्यू नोंदणी 1 जुलै 1837 रोजी सुरू झाली आणि त्याआधीच्या सामान्य माणसाचा माग मुख्यतः 1538 पासून ठेवल्या गेलेल्या पॅरिशच्या, म्हणजे एकेका स्थानिक चर्चच्या हद्दीच्या, नोंदवह्यांतच लागतो. या नोंदवह्या बहुतेक करून काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या, अभिलेखागारांत आहेत. सासरच्या इंग्रज घराण्याचा शोध घेताना मी ज्या सेवेवर सर्वाधिक विसंबून राहिले, ती म्हणजे राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘डिस्कव्हरी’ सूचीतील ‘फाइंड ॲन आर्काइव्ह’ ही निर्देशिका.

ती मोफत आहे. संस्थेचे किंवा गावाचे नाव टाकले, की पत्ता, संपर्क आणि संकेतस्थळाचा दुवा मिळतो. बऱ्याच संस्थांच्या बाबतीत तिथे कोणाकोणाची कागदपत्रे आहेत, याची यादीही दिसते. राष्ट्रीय अभिलेखागाराबाहेरच्या अडीच हजारांहून अधिक संस्था ‘डिस्कव्हरी’त आहेत आणि त्यांत काउंटीच्या अभिलेखागारांबरोबर विद्यापीठे, सार्वजनिक ग्रंथालये व कागदपत्रे बाळगणारी संग्रहालयेही येतात. सुरुवात करण्यासाठी मला याहून चांगली जागा माहीत नाही.

मात्र निर्देशिका आजच्या नकाशाने चालते आणि कागद जुन्या सीमांनुसार ठेवलेले आहेत, हे ध्यानात न घेतल्यास भलत्याच शहरात जाऊन पोहोचण्याची वेळ येते. ॲबिंग्डन हे गाव 1974 पर्यंत बर्कशायरमध्ये होते. आज ते ऑक्सफर्डशायरमध्ये असले, तरी तिथल्या पॅरिशच्या नोंदवह्या रेडिंग येथील रॉयल बर्कशायर आर्काइव्ह्जमध्ये आहेत. यॉर्कशायरचे तर एकच असे अभिलेखागार नाही, ‘रायडिंग’ नावाच्या तिथल्या जुन्या विभागांप्रमाणे ती वेगवेगळी आहेत : ईस्ट रायडिंगसाठी बेव्हर्ली, नॉर्थ रायडिंगसाठी नॉर्थॲलर्टन आणि वेस्ट रायडिंगसाठी वेकफील्ड, लीड्स, ब्रॅडफर्ड अशा अनेक शहरांत विखुरलेली सेवा. त्यातच 1858 पूर्वीची मृत्युपत्रे चर्चच्या न्यायालयांत सिद्ध होत असल्यामुळे ती काउंटीपेक्षा धर्मप्रांताच्या (बिशपच्या अधिकारक्षेत्राच्या) हद्दीप्रमाणे ठेवलेली सापडतात, आणि यॉर्क धर्मप्रांतासाठी तुम्हाला यॉर्क विद्यापीठाच्या बोर्थविक इन्स्टिट्यूटकडे वळावे लागते. म्हणून गावाची जुनी काउंटी आणि जुना धर्मप्रांत आधी ठरवून मगच निर्देशिका उघडावी, असे मी आग्रहाने सांगेन.

दुसरी मर्यादा सूचीच्या खोलीची आहे. काउंटीतल्या संग्रहांचे ‘डिस्कव्हरी’तील वर्णन पुष्कळदा जुने असते, त्या संस्थेची स्वतःची ऑनलाइन सूची अधिक ताजी आणि तपशीलवार असते, त्यामुळे निर्देशिकेतून तिकडे जाणे अपरिहार्य ठरते. हे कष्ट घेण्याजोगे आहेत. आमच्या घराण्यातल्या एका शेतमजुराचे नाव मला अशाच एका स्थानिक सूचीत, गरिबांसंबंधीच्या कायद्याच्या कागदांत सापडले. दोन न्यायाधीशांसमोर झालेली त्याची जबानी जेमतेम एका पानाची आहे, पण जन्म कुठे झाला, मिकलमस या सप्टेंबरअखेरच्या सणापासून वर्षभराच्या बोलीवर कोणत्या शेतकऱ्याकडे चाकरी केली, मजुरी किती ठरली, लग्न कुठे झाले आणि मुलांची नावे व वये काय, हे सारे तिच्यात आहे, आणि खाली सहीच्या जागी फुलीची खूण. 1834 पर्यंत अविवाहित मजुराला पूर्ण वर्षाच्या चाकरीमुळे त्या पॅरिशकडून मदत मिळण्याचा हक्क लाभत असे; म्हणूनच न्यायाधीशांनी इतके बारकाईने विचारले. जनगणनेची कोरडी ओळ वाचणाऱ्याला असा माणूस कधीच भेटत नाही.

ग्रंथालयांकडे संशोधकांचे दुर्लक्ष होते, याचे मला वाईट वाटते. मोठ्या सार्वजनिक ग्रंथालयांतील स्थानिक इतिहास विभागात मायक्रोफिल्मवरची जुनी वर्तमानपत्रे, व्यापाऱ्यांच्या निर्देशिका, मतदार याद्या आणि मोठ्या प्रमाणमापाचे तपशीलवार नकाशे असतात, आणि अनेक ठिकाणी घरी वर्गणी भरून वापरावी लागणारी वंशावळीची संकेतस्थळे तिथल्या संगणकांवर फुकट पाहता येतात.

संग्रहालयांविषयी अपेक्षा मात्र नेमकी ठेवावी. रेजिमेंटच्या संग्रहालयात सैनिकाचा सेवापट मिळेल असे अनेकांना वाटते. पहिल्या महायुद्धातील साध्या सैनिकांच्या वाचलेल्या सेवापटांचा शोध राष्ट्रीय अभिलेखागारामार्फत घ्यावा लागतो, कारण मूळ सेवापटांतले निम्म्याहून जास्त सप्टेंबर 1940 च्या बाँबहल्ल्यात जळून गेले. संग्रहालयात रेजिमेंटची मासिके, छायाचित्रे आणि पदके असतात. सेवापट जळालेला असेल, तर त्या माणसाच्या तुकडीचे आयुष्य समजून घेण्यासाठी ती अमोल आहेत.

प्रत्यक्ष जाणार असाल, तर निर्देशिकेतल्या वेळांवर न थांबता संस्थेच्या संकेतस्थळावर खात्री करा, कारण अनेक अभिलेखागारे आठवड्यातले काही दिवसच उघडतात आणि कागद आगाऊ मागवावे लागतात. बऱ्याच काउंट्यांत चालणाऱ्या ‘आर्काइव्ह्ज कार्ड’साठी ऑनलाइन नोंदणी करून ओळखपत्र व पत्त्याचा पुरावा सोबत न्यावा. वाचनकक्षात शाईचे पेन चालत नाही, पेन्सिलच लागते. जाणे शक्य नसेल, तर पॅरिशचे नाव, अंदाजे वर्षे आणि आजवर काय पाहिले आहे हे नेमके लिहून ईमेल पाठवावा. बहुतेक अभिलेखागारे ताशी शुल्क घेऊन शोध करून देतात, आणि प्रश्न जितका नेमका असेल तितका त्या तासाचा उपयोग होतो.