रंगीत पट्ट्यांच्या जर्मन सुया: टाका उत्तम, डोळ्यांना ताप

लेकीच्या लेगिंगवर मशीन टाके सोडायला लागलं. मेकॅनिक म्हणाला, "टाइमिंग आउट है, खोलना पड़ेगा," म्हणजे सुई आणि खालच्या हुकाचा मेळ बिघडलाय, आणि जो आकडा सांगितला तो ऐकून मी मशीन उचलून घरी आणलं. सुती कापडावर तेच मशीन सरळ चालत होतं. टाइमिंग गेलं असतं तर सुतीवरही रडलं असतं की!

म्हणून या सुया घेतल्या, ताणणाऱ्या कापडाच्या स्ट्रेच, 75/11 (एकाच जाडीचे दोन नंबर: पहिला यांचा, दुसरा आपल्या चौदा-सोळाच्या पद्धतीचा). पाकिटात पाचच. एवढ्या पैशांत साध्या सोळा नंबरच्या सुया वर्षभर पुरतात, त्यामुळे हात आखडतच घेतल्या. पण लायक्रावर एकही टाका सुटला नाही. हिचं टोक गोलसर असतं, विणीचा धागा न तोडता फटीतून जातं, आणि नाकाच्या मागची खोबण जास्त खोल असल्याने हुकाला धाग्याचा फासा बरोबर सापडतो. मेकॅनिकचे पैसे वाचले, सुया वसूल.

आता पट्ट्या. दांड्यावर वरची पट्टी सुईचा प्रकार सांगते, खालची जाडी. ऐकायला छान. पण निळी वर असेल तर जीन्सची सुई, खाली असेल तर 90 नंबर. एकच निळी दिसली तर ती युनिव्हर्सल 90 (युनिव्हर्सल म्हणजे साधी सुई, तिला वरची पट्टीच नसते), दोन्ही निळ्या तर जीन्स 90. जांभळी वर म्हणजे मायक्रोटेक्स, एकदम टोकदार सुई, खाली म्हणजे 100. पिवळी वर स्ट्रेच, खाली 110. रंग कमी पडले होते का यांना? संध्याकाळी ट्यूबलाइटखाली पिवळी आणि केशरी एकसारखीच दिसते, आणि वरची केशरी म्हणजे जर्सी, विणीच्या कापडाची. दांड्यावर नंबर कोरलेला असतो, तो वाचायला भिंग लागतं. शेवटी पिनकुशनवर पेनाने रकाने आखले. महागड्या सुया घेऊन हे उद्योग मी का करायचे?

स्ट्रेच सोडून बाकीचे प्रकार म्हणजे नुसता धंदा, असं माझं मत होतं. ते माहेश्वरीच्या ब्लाउजने बदललं. इंदूरच्या सीतलामाता बाजारातून घेतलेली साडी, ताणा रेशमी, बाणा सुती. चौदा नंबरच्या सुईने मुंढ्याच्या शिवणीशी रेशमाचे धागे ओढले जायचे, कापडावर बारीक रेघ उठायची. मायक्रोटेक्स 70 लावली, शिवण इस्त्री केल्यासारखी सपाट. फक्त दोरा बारीक हवा. नाकात ओवून दोरा तिरका ताणून धरा, सुई आपोआप घसरली तर जमलं, अडकली तर दोरा जाड.

जीन्सची सुई ठीक. बाजूच्या शिवणीवर घडी जाड येते तिथे चाक हाताने फिरवलं की साधी सोळा नंबरही काम करते. चामड्याच्या सुईचं टोक पात्यासारखं कापतं. रेक्झिनच्या पिशवीला चालली, पण उसवलं तर भोकं तशीच राहतात. साध्या कापडावर ती लावूच नका.

आठ तास शिवलं की सुई बदला म्हणतात. मी बदलत नाही. टकटक आवाज यायला लागला की बघते.

आणि हो, दुकानात 130/705 H, म्हणजे घरगुती मशीनच्या सुयांचा कोड, सांगूनच मागा, नाहीतर गोल दांड्याची कारखान्याच्या मशीनची सुई गळ्यात मारतात. घरगुतीला चपटा दांडा लागतो.

मायक्रोटेक्स पुन्हा घेणार, स्ट्रेचही. जीन्सचं पाकीट संपलं की साधी सोळा.