गवत आणि बुडालेली झाडं: बाससाठी स्वस्तातलं कोणतं ल्युअर घ्यावं?

लार्जमाउथ बास हा दबा धरून शिकार करणारा मासा. पाणगवताची कड, बुडालेलं खोड, फांद्यांची सावली अशा आडोशाला तो बसतो. म्हणजे ल्युअर (गळाचं कृत्रिम आमिष) तिथेच टाकावं लागतं, आणि तिथेच ते अडकून तुटतं. त्यामुळे स्वस्त काय हे ठरवताना पाकिटावरच्या किमतीपेक्षा, दोरा तुटल्यावर पाण्यात काय काय गेलं, ते मोजा. टेक्सस रिग (दोऱ्यात ओवलेलं शिसं आणि त्याखाली गळावर लावलेला प्लास्टिकचा किडा) तुटला तर एक गळ, एक शिसं आणि एक प्लास्टिकचा किडा जातो. क्रँकबेट (माशाच्या आकाराचं, पुढे ओठासारखी पट्टी असलेलं कडक ल्युअर) तुटलं तर अख्खं महागडं ल्युअरच जातं.

म्हणूनच पहिली खरेदी टेक्सस रिगचीच करावी. साहित्य तीनच गोष्टींचं: बंदुकीच्या गोळीच्या आकाराचं शिसं, 3/0 किंवा 4/0 मापाचा ऑफसेट गळ (डोळ्याजवळ दांडीला वाक असलेला) आणि 6-7 इंची किडा. विरळ गवतात 3/16 औंस (सुमारे 5 ग्रॅम), दाट गवतात 3/8 औंस (साधारण 11 ग्रॅम) वजन पुरतं. गळाचं टोक किड्याच्या डोक्यात अर्धा सेंटिमीटर घालून बाजूने बाहेर काढा, गळ त्याच्या डोळ्यापर्यंत (दोरा बांधायच्या कडीपर्यंत) सरकवून फिरवा, मग टोक किड्याच्या अंगातून आरपार नेऊन वरच्या सालीत हलकेच दडवा. किडा सरळ लटकला पाहिजे. तो वाकडा बसला तर ओढताना गरगर फिरतो आणि दोऱ्याला पीळ पडतो.

यात दोन चुका नेहमी होतात. जाड किड्याला लहान गळ लावला तर गळाच्या पोटात प्लास्टिकच भरतं. हिसका दिला तरी टोक बाहेर येत नाही आणि मासा सुटतो. दुसरी चूक म्हणजे शिसं मोकळं सोडणं. दाट गवतात शिसं पुढे निसटून खाली जातं आणि किडा वरच अडकून राहतो. शिशाच्या वर दोऱ्यात छोटा रबरी स्टॉपर घातला की दोन्ही एकत्र खाली उतरतात. शिसं की टंगस्टन? टंगस्टनची घनता शिशाच्या जवळपास पावणेदोनपट, त्यामुळे तेच वजन लहान आकारात मिळतं आणि गवतातून सहज घुसतं. पण ते महाग आहे, आणि हरवण्याच्या जागी महाग वस्तू कशाला? शिशाने सुरुवात करा. मात्र काही ठिकाणी छोट्या शिशाच्या वजनांवर बंदी आहे (ब्रिटनमध्ये 1987 पासून), तेव्हा स्थानिक नियम आधी पाहून घ्या.

लाकूड जास्त आणि गवत कमी असेल, तर मात्र जिग सरस ठरतो. त्यात शिसं आणि गळ एकत्र ओतलेले असतात, भोवती रबरी झालर, आणि टोकासमोर तंतूंचा ब्रश. टोक प्लास्टिकमध्ये दडलेलं नसल्यामुळे हिसका थेट बसतो. स्वस्त जिगचा दोष बहुधा त्या ब्रशमध्येच असतो: तंतू इतके ताठ की मासा चावला तरी टोक त्याला टोचत नाही. बोटाने दाबून पाहा. सहज वाकत नसेल तर चार-पाच तंतू मुळाशी कापा आणि उरलेले पंख्यासारखे पसरा. रुंद, चपट्या डोक्याचा जिग खोडांवरून नीट सरकतो. गवतात मात्र तो शेवाळ गोळा करतो. तिथे टोकदार डोक्याचा, दोरा बांधायचं कडं अगदी नाकावर असलेला जिग लागतो. एकाच जिगमध्ये दोन्ही कामं होतील अशी अपेक्षा ठेवू नका.

पाण्यावर गवताची गादीच पसरली असेल, तर पोकळ रबरी फ्रॉगला (बेडकाच्या आकाराच्या ल्युअरला) तोड नाही. त्याचे दोन्ही काटे अंगाला चिकटून वर असतात, त्यामुळे तो अडकून हरवणं दुर्मीळ. पण अगदी स्वस्त फ्रॉग घेणं हा फसवा सौदा आहे. घेताना दोन बोटांनी दाबून पाहा: अंग सहज दबून काट्यांची दोन्ही टोकं पूर्ण उघडी पडली पाहिजेत. कडक रबर असेल तर मासा तोंडात घेऊनही सुटेल. पाणी आत शिरलं की फ्रॉग बुडायला लागतो. अधूनमधून दाबून ते काढावं. आणि पाणी उसळल्याबरोबर हिसका देऊ नका, माशाचं वजन दोऱ्यावर जाणवू द्या. बहुतेक मासे इथेच हातचे जातात. एवढा खर्च नको असेल तर भरीव प्लास्टिकचा बेडूक 4/0 किंवा 5/0 च्या गळावर चालतो, फक्त थांबला की तो बुडतो, म्हणून ओढत राहावं लागतं.

स्पिनरबेट (वाकवलेल्या तारेच्या एका टोकाला फिरती पाती, दुसऱ्याला गळ) आणि चौकोनी ओठाचं क्रँकबेट ही जास्त पाणी पटकन चाळण्याची साधनं. स्पिनरबेटची तार फांदीला आधी धडकते आणि गळ मागून वाचतो. लांब, धाग्यासारखं गवत मात्र पात्यांना गुंडाळतं. घेताना पात्यावर फुंकर मारा. ते फिरलं नाही तर त्याचं स्विव्हल (फिरती कडी) निकामी आहे. ओढताना ते एका बाजूला कलंडत असेल, तर तार वाकवून वरचं पातं बरोबर गळाच्या रेषेत आणा. क्रँकबेट गवतात नेऊच नका. खोडांमध्ये मात्र त्याचा ओठ आपटून ते उसळतं, आणि अडकलं तर दोरा सैल सोडताच बरेचदा आपोआप वर तरंगतं. त्याच्या तिकाट्यांची (तीन टोकांच्या गळांची) पुढे वळलेली टोकं छाटली की अडकणं आणखी कमी होतं.

ल्युअरपेक्षा दोऱ्यात केलेली काटकसर जास्त महागात पडते. गवतात 50 ते 65 पौंडांचा (एवढा ताण सोसणारा) विणलेला दोरा घ्या. तो देठ कापत जातो. लाकडात तोच दोरा सालीत रुततो, म्हणून तिथे 15 ते 20 पौंडांचा मोनो (एकपदरी नायलॉन) किंवा फ्लोरोकार्बनचा दोरा बरा. गळ फांदीत अडकला तर ताकद लावून ओढू नका, टोक आणखी खोल रुततं. दोरा सैल करून काठी हलवा, नाहीतर पलीकडच्या बाजूला जाऊन, गळ जिथून आत शिरला त्याच दिशेने ओढा.